रमाबाई रानडे

रमाबाई महादेव रानडे (२५ जानेवारी १८६२ – १९२४) या महाराष्ट्रातील समाजसेविका, लेखिका व स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या होत्या. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या त्या पत्नी. पुण्यातील सेवासदन या संस्थेची उभारणी हे त्यांचे सर्वांत मोठे कार्य मानले जाते. विधवा, परित्यक्ता व अल्पशिक्षित स्त्रियांना शिवणकाम, भरतकाम, शुश्रूषा व अध्यापन या विषयांचे शिक्षण देऊन स्वतःच्या पायांवर उभे करण्याचा पद्धतशीर प्रयत्न या संस्थेने केला.

जन्म व बालपण

रमाबाईंचा जन्म देवराष्ट्रे येथे कुर्लेकर घराण्यात झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. त्यांचे माहेरचे नाव यमुना. मुलींना लिहायला-वाचायला शिकवणे त्या काळी अशुभ समजले जाई, त्यामुळे विवाहापर्यंत त्यांना अक्षरओळख नव्हती. स्वयंपाक, व्रतवैकल्ये आणि घरकाम एवढेच त्यांचे शिक्षण होते.

विवाह व शिक्षण

१८७३ मध्ये वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. रानडे तेव्हा ३१ वर्षांचे होते आणि त्यांची पहिली पत्नी नुकतीच वारली होती. ते विधवाविवाहाचे उघड पुरस्कर्ते असल्याने त्यांनी विधवेशीच विवाह करावा, अशी सुधारकांची अपेक्षा होती. मात्र वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकवली आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली.

विवाहानंतर लगेच रानड्यांनी पत्नीला शिकवण्यास प्रारंभ केला. मराठीनंतर इंग्रजीचे पाठ सुरू झाले. रानड्यांच्या एकत्र कुटुंबातील वडीलधाऱ्या स्त्रियांना हे मान्य नव्हते. टोमणे, अबोला आणि कामाचा जाच सोसून रमाबाईंनी अभ्यास चालू ठेवला. घरातल्यांना उलट उत्तर द्यायचे नाही आणि शिकणेही सोडायचे नाही, ही त्यांची रीत पुढे सार्वजनिक जीवनातही कायम राहिली.

१८७८ मध्ये रानड्यांची नाशिकला बदली झाली. तेथे रमाबाईंचा सार्वजनिक कार्याशी प्रथम संबंध आला. हळदीकुंकवासारख्या परिचित निमित्ताने स्त्रियांना एकत्र आणणे आणि मुलींच्या शाळेच्या कार्यक्रमात भाग घेणे, अशी त्याची सुरुवात होती. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या. त्यांनी स्थापन केलेल्या आर्य महिला समाजात रमाबाई जाऊ लागल्या. मुलींच्या माध्यमिक शाळेच्या मागणीसाठी गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर त्यांनी इंग्रजीत निवेदन वाचले. त्यानंतर १८८४ मध्ये पुण्यात हुजूरपागा या नावाने ओळखली जाणारी मुलींची शाळा सुरू झाली.

मुंबईतील कार्य

१८९३ मध्ये रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि हे कुटुंब मुंबईत आले. तेथे रमाबाईंनी हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लब ही संस्था चालवली. स्त्रियांसाठी भाषा, सामान्यज्ञान, शिवण आणि हस्तकला यांचे वर्ग तिच्यामार्फत घेतले जात. सेवासदनात पुढे विस्तारलेल्या शिक्षणक्रमाची बीजे या वर्गांत दिसतात.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती रानडे यांचे निधन झाले. रमाबाई तेव्हा ३८ वर्षांच्या होत्या. त्या पुण्याला परतल्या व काही काळ त्यांनी सार्वजनिक कार्यातून अंग काढून घेतले. त्यानंतर त्या येरवडा तुरुंगातील स्त्री कैद्यांना भेटू लागल्या. १९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले.

सेवासदन

बेहरामजी मलबारी व दयाराम गिडुमल यांनी १९०८ मध्ये मुंबईत सेवासदन स्थापन केले. त्याच्या अध्यक्षपदाची जबाबदारी रमाबाईंनी स्वीकारली. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदनाचे काम रानड्यांच्या वाड्यात सुरू झाले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे या कामातील त्यांचे प्रमुख सहकारी होते. पुढे पुण्याची संस्था स्वतंत्र झाली.

सेवासदनात येणाऱ्या स्त्रियांत तरुण विधवांचे प्रमाण मोठे होते. नवऱ्यामागे सासरी किंवा माहेरी आश्रित म्हणून राहणाऱ्या स्त्रीच्या हाती स्वतःचा पैसा नसे. तिला परत शाळेत बसवायचे, तर घरच्यांचा विरोध होई. अशा स्त्रियांसाठी संस्थेने प्राथमिक वर्ग, शिवण व भरतकामाचे वर्ग, अध्यापिका विद्यालय आणि वसतिगृह चालवले. शुश्रूषेचे शिक्षण ससून रुग्णालयाच्या साहाय्याने दिले जाई. परक्या माणसांना स्पर्श करण्याचे हे काम उच्चवर्णीय स्त्रियांना शोभत नाही, असा समज प्रबळ असल्याने या वर्गाला सुरुवातीला सर्वाधिक विरोध झाला.

शिवण व भरतकामाचे शिक्षण

या विरोधाच्या तुलनेत शिवणवर्ग समाजाला लवकर पटण्यासारखा होता. गोधडी, झबले, कुंची, टोपडे हे हाताने शिवण्याचे काम स्त्रिया घरी पूर्वापार करीत होत्या, मात्र त्याचा मोबदला मिळत नसे. पैसे घेऊन कपडे शिवणे हा प्रामुख्याने शिंपी समाजातील पुरुषांचा व्यवसाय होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत सिंगर व इतर कंपन्यांची शिवणयंत्रे भारतात पसरू लागली आणि ही स्थिती बदलू लागली. हाताने फिरवायचे यंत्र घराच्या एका खोलीत मावत असे. बाहेर न जाता, घरची कामे सांभाळून त्यावर काम करता येई.

साध्या शिवणयंत्रावर भरतकामही करता येते. त्यासाठी कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांचा उपयोग थांबवतात, कापड रिंगमध्ये ताणून बसवतात आणि दोन्ही हातांनी ते सुईखाली नक्षीप्रमाणे फिरवतात. वरचा दोरा सुईतून व खालचा बॉबिनमधून येऊन त्यांची गाठ कापडातच बसते. शिवून तयार झालेली टोपी गोलाकार असल्याने रिंगमध्ये सपाट बसत नाही. म्हणून साध्या यंत्रावर टोपीची पट्टी व वरचा भाग सुटा असतानाच त्यावर भरतकाम करणे सोयीचे ठरते. भाग नंतर जोडले जातात. टोपी किंवा टोपडे यांना कापड थोडे लागते. त्यामुळे त्यांच्या किमतीत कापडापेक्षा कारागिरीचा वाटा मोठा असतो, आणि भांडवल नसलेल्या स्त्रीला असे काम परवडते.

या कामाला मर्यादाही होत्या. घरी बसून मिळणारी कमाई अल्प व अनियमित असे आणि ग्राहक मिळवणे स्त्रीला एकटीने कठीण जाई. सेवासदनाच्या रचनेत याचा विचार दिसतो. तेथे शिवण हा एकमेव विषय नव्हता. त्याच्या जोडीला साक्षरता होती आणि तयारी असलेल्या विद्यार्थिनीला अध्यापन किंवा शुश्रूषा या नियमित वेतनाच्या व्यवसायांकडे जाण्याची वाट खुली होती. शिवणवर्गासाठी उंबरठा ओलांडलेली स्त्री पुढे शिक्षिका किंवा परिचारिका होऊ शकत होती.

संस्थेचे काम पुण्याबाहेरही पसरले. सोलापुरातही सेवासदनाची शाखा निघाली. सोलापूरला लागून असलेला आजचा धाराशिव जिल्हा त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता.

मताधिकार व सक्तीचे शिक्षण

पुणे नगरपालिकेने सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा विचार सुरू केला, तेव्हा ही सक्ती केवळ मुलग्यांपुरती ठेवण्याचा प्रस्ताव पुढे आला. मुलींनाही ती लागू करावी यासाठी रमाबाईंनी स्त्रियांना संघटित केले. १९२१-२२ मध्ये मुंबई इलाख्यातील स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतही त्या अग्रभागी होत्या.

लेखन

न्यायमूर्ती रानडे यांची धर्मपर व्याख्याने रमाबाईंनी संपादित करून प्रसिद्ध केली. आमच्या आयुष्यातील काही आठवणी हे त्यांचे पुस्तक १९१० मध्ये प्रकाशित झाले. त्याला गोपाळ कृष्ण गोखले यांची प्रस्तावना आहे. पतीचे चरित्र सांगण्याच्या हेतूने लिहिलेल्या या ग्रंथातून एकत्र कुटुंबातील स्त्रीजीवनाचे तपशीलवार चित्र उभे राहते. मराठीतील आरंभीच्या स्त्री-आत्मचरित्रांत त्याला महत्त्वाचे स्थान आहे.

निधन व वारसा

१९२४ मध्ये रमाबाईंचे निधन झाले. १९६२ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. त्यांच्या आठवणींवर आधारित उंच माझा झोका ही दूरचित्रवाणी मालिका २०१२ मध्ये प्रसारित झाली. पुण्यातील लक्ष्मी रस्त्यावर सेवासदनाची वास्तू असून संस्थेचे शैक्षणिक कार्य आजही चालू आहे.