परचुरेशास्त्री : बापूंच्या शेजारच्या कुटीतील रुग्ण

सेवाग्राम आश्रमात १९४० मध्ये टिपलेले एक छायाचित्र अनेकांच्या पाहण्यात असते. महात्मा गांधी एका रुग्णाची शुश्रूषा करीत आहेत, असे ते दृश्य. गांधीजींना सारे जग ओळखते; त्या रुग्णाचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ते होते परचुरेशास्त्री. संस्कृतचे व्यासंगी पंडित, स्वातंत्र्यलढ्यातील सत्याग्रही आणि कुष्ठरोगी. त्यांचे चरित्र बहुधा गांधीजींच्या करुणेचे उदाहरण म्हणून चार ओळींत आटोपले जाते. वस्तुतः रुग्ण आणि शुश्रूषा करणारा यांच्यातील नाते कसे असावे, याचा तो एक स्वतंत्र पाठ आहे.

परचुरेशास्त्री आणि गांधीजी यांचा संबंध जुळला तो येरवड्याच्या तुरुंगात. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत १९३२ मध्ये दोघेही तेथे बंदिवान होते. रोगामुळे शास्त्रीबुवांना इतर कैद्यांपासून वेगळे ठेवण्यात आले होते. गांधीजींनी त्यांची भेट मागितली. परंतु तुरुंगाच्या नियमांत ती बसेना. तेव्हा एकाच तुरुंगात राहणाऱ्या या दोघांमध्ये पत्रव्यवहार सुरू झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाच्या प्रश्नावरून गांधीजींनी प्राणांतिक उपोषण आरंभले. पुणे करारानंतर २६ सप्टेंबर रोजी ते सुटले, तेव्हा रवींद्रनाथ टागोर तेथे उपस्थित होते. त्या प्रसंगी संस्कृत मंत्र म्हणण्याचा मान परचुरेशास्त्रींना मिळाला. जन्माने ब्राह्मण, विद्येने पंडित आणि रोगाने बहिष्कृत अशा माणसाच्या तोंडून ते मंत्र निघावेत, यातील अर्थ वेगळा सांगावयास नको.

त्या काळी कुष्ठरोगावर खात्रीचे औषध नव्हते. नॉर्वेचे वैद्य हॅन्सन यांनी १८७३ मध्येच या रोगाचा जंतू शोधला होता. तरीही पूर्वजन्मीचे पाप ही समजूत समाजमनातून गेलेली नव्हती. चालमोगरा तेलाचे उपचार होत, त्यांचा गुण बेताचाच येई. १८९८ च्या कायद्याने निराधार कुष्ठरोग्यांना पकडून बंदिस्त आश्रयस्थानी ठेवण्याची मुभा सरकारला दिली होती. घरच्यांनी दूर केलेला रुग्ण तीर्थक्षेत्रांच्या पायऱ्यांवर किंवा गावाच्या वेशीबाहेर दिवस कंठी.

१९३९ मध्ये परचुरेशास्त्री वर्ध्याजवळच्या आश्रमात येऊन दाखल झाले. गाव तेव्हा शेगाव या नावाने ओळखले जाई. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी टपालात घोटाळा होऊ लागल्याने १९४० मध्ये त्याचे सेवाग्राम असे नामकरण झाले. शास्त्रीबुवांची अपेक्षा मोठी नव्हती. उरलेले दिवस आश्रमाच्या सावलीत काढावेत आणि तेथेच देह ठेवावा, एवढीच इच्छा घेऊन ते आले होते.

गांधीजींपुढे धर्मसंकट उभे राहिले. स्वतःपुरता धोका पत्करणे त्यांना अवघड नव्हते. पण आश्रमात स्त्रिया होत्या, मुले होती. रोग सांसर्गिक मानला जात होता. इतरांचे आरोग्य पणाला लावण्याचा अधिकार आपल्याला आहे काय, हा प्रश्न होता. पूर्वी दक्षिण आफ्रिकेत असा एक रुग्ण त्यांच्या दारी आला होता. त्याला त्यांनी घरात घेतले, त्याच्या जखमा बांधल्या. पण कायमचे ठेवून घेणे शक्य न झाल्याने अखेर गिरमिटिया मजुरांच्या सरकारी रुग्णालयात पाठविले. आत्मकथेत त्यांनी स्वतःच ही हकिकत नोंदविली आहे. या वेळी मात्र त्यांनी आश्रमवासीयांना विश्वासात घेतले आणि शास्त्रीबुवांना ठेवून घेण्याचा निर्णय केला. त्यांनी येथे खुशाल राहावे, मरण्याची परवानगी मात्र मिळणार नाही, अशी प्रेमळ अट गांधीजींनी त्यांना घातली.

गांधीजींनी आपल्या कुटीपासून जवळच त्यांच्यासाठी कुटी उभारून घेतली. आज सेवाग्रामला जाणाऱ्यास ‘परचुरे कुटी’ म्हणून ती पाहावयास मिळते. गांधीजींचे वय तेव्हा सत्तरीचे. युरोपात महायुद्ध पेटलेले, प्रांतांतील काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिलेले, देशभरातील पुढाऱ्यांची आश्रमात रीघ लागलेली. अशा धामधुमीत हा वृद्ध नेता शास्त्रीबुवांच्या जखमा धुई आणि अंगाला तेलाचे मालिश करी. कुष्ठरोगात मज्जातंतू निकामी होऊन त्वचेची संवेदना हरपते. काटा रुतला वा चटका बसला तरी कळत नाही आणि जखमा चिघळत जातात. म्हणूनच रुग्णाचे हातपाय दररोज कोणीतरी नीट पाहणे, हाच या शुश्रूषेचा गाभा असतो. गांधीजी वैद्य नव्हते; पण हे दैनंदिन काम त्यांनी दुसऱ्यावर सोपविले नाही.

तथापि या नात्याचे मोल केवळ मालिशात नाही. शास्त्रीबुवांना गांधीजींनी निव्वळ रुग्ण राहू दिले नाही. त्यांच्या विद्वत्तेचा आश्रमास उपयोग व्हावा, असा त्यांचा आग्रह होता. शास्त्रीबुवा आश्रमवासीयांना संस्कृत शिकवू लागले. ज्या माणसाची सावली टाळली जात होती, त्याच्यापुढे विद्यार्थी बसू लागले. रोगाने हिरावलेली प्रतिष्ठा औषधाने परत मिळत नाही; ती कामाने आणि लोकांच्या सहवासानेच मिळते. हे गांधीजींनी ओळखले होते. शास्त्रीबुवांच्या प्रकृतीतही सुधारणा दिसू लागली.

ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजींना अटक झाली आणि मे १९४४ पर्यंत ते आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध राहिले. शुश्रूषेचा क्रम खंडित झाला. परचुरेशास्त्रींचे अखेरचे दिवस वर्ध्याजवळच्या दत्तपूर येथील कुष्ठधामात गेले. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये ते सुरू केले होते. १९४५ मध्ये तेथेच शास्त्रीबुवांनी जगाचा निरोप घेतला. त्याच वर्षी गांधीजींनी आपल्या ‘रचनात्मक कार्यक्रम’ या पुस्तिकेची सुधारित आवृत्ती काढली. तिच्यात खादी, ग्रामोद्योग, अस्पृश्यतानिवारण यांच्या पंक्तीत कुष्ठरोग्यांच्या सेवेलाही स्थान मिळाले. एका कुटीत चाललेले काम राष्ट्राच्या कामांत गणले गेले.

विदर्भाच्या भूमीत पुढे हे काम फोफावले. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन उभे राहिले, वर्ध्यात १९५१ मध्ये गांधी स्मारक कुष्ठरोग निवारण प्रतिष्ठान स्थापन झाले आणि वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी आनंदवन फुलविले. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. आज ही औषधे मोफत मिळतात आणि सहा ते बारा महिन्यांच्या उपचाराने रोग पूर्ण बरा होतो. उपचार सुरू होताच रुग्णापासून संसर्गाचा धोका झपाट्याने कमी होतो. १८९८ चा कायदाही २०१६ मध्ये रद्द झाला आणि घटस्फोटासाठी कुष्ठरोग हे कारण २०१९ मध्ये कायद्यातून वगळण्यात आले.

तरीही वाशीम जिल्ह्यातील आसेगाव असो वा मुंबई-पुण्यातील वस्ती, अंगावरचा बधिर चट्टा लपविण्याकडेच आजही अनेकांचा कल असतो. शरीरातील जंतूपेक्षा शेजाऱ्यांच्या नजरेचे भय मोठे ठरते. लपविलेला चट्टा उपचारांना उशीर करतो आणि त्या उशिरातूनच बोटे झडतात, पायाला विकृती येते. औषध नसलेल्या काळात परचुरेशास्त्रींना माणसाचा हात मिळाला होता. औषध हाती असलेल्या काळात तो हात आखडता घेण्याचे कोणतेच कारण उरलेले नाही. ३० जानेवारी हा गांधीजींचा स्मृतिदिन देशात कुष्ठरोग निवारण दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी बापूंच्या प्रतिमेला हार घालताना त्यांच्या शेजारच्या कुटीतील या पंडिताचेही स्मरण व्हावयास हवे.