माताहारी : नर्तकी आणि आरोपी

हॉलंडमधील लेवार्डन गावी ७ ऑगस्ट १८७६ रोजी एका टोप्या विकणाऱ्याच्या घरी मार्गारेठा झेले जन्मली. लग्नानंतर काही वर्षे जावा-सुमात्रात गेली; पुढे संसार मोडला. १९०५ साली पॅरिसच्या गिमे संग्रहालयात ती माताहारी, म्हणजे मलायी भाषेत सूर्य, या नावाने नाचली. हिंदुस्थानातील देवालयांत आपण नृत्य शिकलो, असे ती सांगे. गुरूविना उभे केलेले ते सोंग युरोपने खरे मानले.

पहिल्या महायुद्धात तिने जर्मनांकडून २०,००० फ्रँक घेतले आणि फ्रेंचांसाठीही हेरगिरी पत्करली. १३ फेब्रुवारी १९१७ रोजी पॅरिसमध्ये तिला अटक झाली. ती तटस्थ हॉलंडची प्रजा. परंतु राजनिष्ठेचे बंधन देशद्रोहाच्या आरोपाला लागते, हेरगिरीच्या नव्हे. त्यामुळे परकीय असूनही ती फ्रेंच लष्करी न्यायालयापुढे उभी राहिली. खरा प्रश्न पुराव्याचा होता. पैसे घेतल्याचे तिने कबूल केले. शत्रूला कोणते गुपित दिले, हे मात्र नेमके सिद्ध झाले नाही. बंद दाराआड दोन दिवसांत खटला आटोपला. १५ ऑक्टोबर १९१७ रोजी व्हँसेन येथे तिला गोळ्या घालण्यात आल्या. जन्मभर कल्पित सांगत आलेल्या त्या स्त्रीचे खरे बोलणेही न्यायाधीशांना पटले नसावे.