मोरेरांची घरे आणि कर्नल टेलर

आमच्या निंबर्ग्यात बैलाशी कानडी बोलायचे आणि घरात मराठी. माझी आजी मात्र दोन्ही भाषांत एकच धाक घाली: रानातल्या उभ्या दगडांपाशी दिवेलागणीला जायचे नाही, ती बुटक्यांची जागा. कॉलेजात आल्यावर कळले की, भीमेपलीकडे सुरपूरकडे जुन्या दगडी कोठ्यांना मोरेर मने म्हणजे मोरेरांची घरे म्हणतात. मोरेर तीन वितींचे, पण अचाट ताकदीचे! ही समजूत टिपून ठेवणारा गृहस्थ म्हणजे कर्नल फिलिप मेडोज टेलर.

टेलरचा जन्म १८०८ साली लिव्हरपूलला झाला. १८२४ मध्ये तो मुंबईच्या एका पेढीवर आला, तेथे जमेना म्हणून निजामाच्या फौजेत शिरला. ठगांवरील त्याची कादंबरी (१८३९) सर्वांस ठाऊक आहे, ती सोडून देतो. पुढे सुमारे बारा वर्षे त्याने सुरपूर संस्थान सांभाळले. बालराजा वेंकटप्पा नायक त्याला अप्पा म्हणे.

फिरतीवर असताना त्याने राजनकोळूरच्या कोठ्या आणि विभूतिहळ्ळीच्या रांगेत मांडलेल्या शिळा पाहून त्यांची वर्णने लिहिली. जेवरगीजवळची दगडी वर्तुळे उकरली. आत हाडे, मडकी, लोखंडी वस्तू निघाल्या. हे काम सिथियन किंवा केल्टिक वंशाच्या लोकांचे, असा त्याचा तर्क होता. तो आज कोणी मानीत नाही. या कबरी लोहयुगातल्या, इथल्याच माणसांच्या. पण वर्णने मात्र अजून उपयोगी पडतात.

यापुढचा भाग माझ्याने नीट वाचवत नाही. १८५८ साली राजाने बंड केले, पकडला गेला, आणि कैदेत नेताना वाटेतच गोळी लागून मेला. अप्पा पुन्हा सुरपूरच्या कारभारावर आला होता.

१८६० मध्ये टेलर मायदेशी परतून डब्लिनजवळ राहिला. आपल्या दगडांवरचा निबंध त्याने तेथील रॉयल आयरिश अकादमीपुढे ठेवला. श्रोत्यांना नवल वाटले नसावे. आयर्लंडात गोल बांधांच्या जुन्या वस्त्यांना परींचे किल्ले म्हणतात. शेतकरी तेथे नांगर घालीत नाही, काटेरी झाडही तोडीत नाही. टेलर १८७६ साली, हिंदुस्थानच्या शेवटच्या फेरीहून परतताना, फ्रान्समधील मांतों येथे वारला.

गेल्या उन्हाळ्यात आजीच्या रानात गेलो. दगड दोनच उरले होते; बाकीचे विहिरीच्या बांधकामाला गेले. नेणाऱ्याला विचारले, तर म्हणाला, मला काही झाले नाही.