प्लेगमुळे जगाने मुंबईला दार लावलं, तेव्हा एका खोलीत लस बनवणारा हाफकिन

कळमनुरी आज हिंगोली जिल्ह्यात आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी हा भाग निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात होता. इथला आणि आजूबाजूचा कापूस ‘हिंगोली कापूस’ म्हणून ओळखला जायचा. अशा मालाला जगात जायचं तर मोठं दार एकच, मुंबई बंदर.

सप्टेंबर १८९६ मध्ये त्याच बंदराला लागून असलेल्या मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांना प्लेगचा रुग्ण सापडला. हाँगकाँगहून येणाऱ्या जहाजांमधून ही साथ आली, असं मानलं जातं. बघता बघता लाखो लोक मुंबई सोडून पळाले. गिरण्यांना कामगार मिळेनात, गोदीत हमाल मिळेनात.

युरोपला वेगळीच धास्ती होती. मुंबईहून आलेल्या जहाजातून प्लेग आपल्या बंदरात उतरला तर? फेब्रुवारी १८९७ मध्ये व्हेनिसला आंतरराष्ट्रीय परिषद बसली. जहाजं किती दिवस थांबवायची, वापरलेले कपडे, अंथरुणं, चिंध्या असा कोणता माल अडवायचा, यावर खल झाला. व्यापार पूर्ण बंद होऊ नये आणि रोगही येऊ नये, असा मधला मार्ग हवा होता. इंग्रज सरकारची तर झोप उडाली होती. त्याच महिन्यात साथरोग कायदा आला. बंदरावर, रेल्वे स्टेशनांवर झडत्या सुरू झाल्या, मुंबईतून हजला जाणं बंद झालं. घरात शिरून होणाऱ्या तपासणीचा लोकांना इतका राग आला की जूनमध्ये पुण्यात रँडचा खून झाला.

हे सगळे उपाय माणसांना आणि मालाला अडवण्याचे होते. अडवायची गरजच कमी पडेल असा उपाय भायखळ्यात एक जण शोधत होता.

वाल्देमार हाफकिन. जन्म १८६० चा, ओडेसातल्या ज्यू कुटुंबातला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली, १८९२ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली आणि पुढच्या वर्षी ते भारतात आले. डॉक्टरकीची पदवी नसलेला हा रशियन माणूस इंग्रज अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत खुपायचा, तो भाग वेगळा.

ऑक्टोबर १८९६ मध्ये ते मुंबईत पोहोचले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना मिळालं काय? एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई. जंतू वाढवायला मांसाचा रस्सा लागतो, पण गाय किंवा डुक्कर म्हटलं की लोक लसीला हातही लावणार नाहीत. म्हणून हाफकिन यांनी बोकडाचं मांस घेतलं. रश्श्यावर तुपाचे थेंब सोडले की त्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढायचे. मग ते उष्णतेने मारायचे. तूप आणि मटण, दोन्ही इथल्याच बाजारातलं!

१० जानेवारी १८९७ ला त्यांनी लस स्वतःला टोचून घेतली. ताप भरला, पण ते बचावले. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर चाचणी झाली. लस घेतलेल्यांत प्लेग आणि मृत्यू दोन्ही कमी दिसले. पुढे मुंबई इलाख्यात लस घेतल्याचा दाखला असेल तर प्रवासाच्या प्लेग नियमांतून सवलत मिळू लागली. कोविडच्या काळात मोबाइलवर दाखवायला लागायचं तेच प्रमाणपत्र, फक्त कागदावरचं.

मागणी वाढली तशी जागा कमी पडू लागली. आगाखानांनी आपली इमारत दिली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. आता परळमध्ये बाटली भरायची, रेल्वेने शेकडो मैल पाठवायची आणि कुठल्यातरी खेड्यात ती उघडून टोचायची, अशी साखळी उभी राहिली.

ती तुटली शेवटच्या टोकाला. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस दिली गेली. त्यातले एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मेले. पंजाबातली मोठी मोहीम कोलमडली. चौकशीत ठपका आला परळवर, म्हणजे हाफकिन यांच्यावर. त्यांचं पद गेलं. खरं तर बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. ही गोष्ट कागदपत्रांत होती, पण तिला वजन द्यायची कुणाला घाई नव्हती. दोष गावात झालेल्या चुकीचा, शिक्षा मुंबईतल्या माणसाला. सोपा हिशेब.

नोबेल विजेते रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये त्यांची बाजू लावून धरली, तेव्हा १९०७ मध्ये कुठे ते निर्दोष ठरले. कलकत्त्याला नोकरी मिळाली. परळची प्रयोगशाळा मात्र पुन्हा हातात आली नाही.

तिथलं काम थांबलं नव्हतं. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून प्लेग लसीचे सुमारे २ कोटी ६० लाख डोस बाहेर गेले. १९२५ मध्येच त्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचं नाव देण्यात आलं. तोवर ते भारत सोडून युरोपात परतले होते. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला त्यांचं निधन झालं.