कवींद्र परमानंद

कुडपणसारख्या डोंगरी गांवांतून पोलादपुरास उतरणाऱ्या पुष्कळांनीं तेथील कवींद्र परमानंद ह्यांची समाधि पाहिली असेल. परंतु ह्या कवीनें काय लिहिलें व तें कसें वाचावें, हें थोड्यांसच ठाऊक आहे.

परमानंद गोविंद हे मूळचे नेवाशाचे. शिवाजीमहाराजांच्या सांगण्यावरून त्यांनीं महाराजांचें चरित्र 'शिवभारत' ह्या संस्कृत काव्यांत गाइलें. १६६६ सालीं महाराज आग्र्यास गेले, तेव्हां हे कवीहि तेथें होते. काव्य बत्तिसाव्या अध्यायांत अपुरेंच थांबलें. तंजावरास राहिलेल्या हस्तलिखितावरून स. म. दिवेकर ह्यांनीं तें १९२७ सालीं प्रसिद्ध केलें.

ह्या काव्यांत घडलेली गोष्ट व अलंकार हीं एकत्र विणलेलीं आहेत. १६५९ सालीं अफजलखान जावळीच्या रानांत आला व प्रतापगडाखालीं मारला गेला, हा इतिहास होय. पण कवि जावळीस जयवल्ली, म्हणजे जयाची वेल, म्हणतात. वेल झाडांच्या आधारानें चढते. महाराजांचा जयहि ह्याच दाट झाडीच्या आधारानें वाढला, कारण मैदानांत भारी असलेलें खानाचें सैन्य येथील अरुंद वाटांत अडकलें. एका नांवांत कवीनें युद्धाचें मर्म सांगितलें.

ह्याच काव्यांत भारानें पीडलेली पृथ्वी ब्रह्मदेवाकडे गाऱ्हाणें नेते, असें वर्णन आहे. पृथ्वीस चालतांना कोणीं पाहिलें नाहीं, म्हणून एखादा हें सर्व खोटें म्हणेल. दुसरा तें अक्षरशः खरें धरील. दोघांच्याहि हातून अर्थ निसटतो. रयतेचें दुःख भूमीलाहि सोसवेना, एवढें कवीस सांगावयाचें आहे.

तसेंच शत्रूस असुर म्हणणें ही पुराणांची जुनी रीत आहे. तेवढ्यावरून परधर्मी शेजाऱ्यास असुर मानणें हा मोठा अन्याय होईल. महाराजांच्या भेटीच्या वेळच्या दहा रक्षकांत सिद्दी इब्राहीम ह्याचें नांव ह्याच कवीनें आदरानें घातलें आहे.

शास्त्रांतहि प्रभु स्वतःस द्राक्षवेल म्हणवितो, व त्याला पानें फुटलीं असें कोणी समजत नाहीं. तेव्हां उपदेशकांनीं मंडळीपुढें कोणतेंहि जुनें काव्य वाचतांना आधीं दोन प्रश्न करावे: येथें काय घडलें, आणि कवि तें कशासारखें म्हणतो? दोन्हींचीं उत्तरें निरनिराळीं ठेवून मग त्यांचा मेळ पाहावा, म्हणजे श्रोत्यांस गोष्टहि कळेल व तिचा भावहि.