टॉलेंटिनोचे थॉमस : ठाण्यात थांबलेली चीनची वाट

ठाण्याचा टेंभी नाका आज बहुतेकांना नवरात्रातील देवीमुळे ठाऊक आहे. त्याच परिसरात बेने इस्रायली समाजाचे १८७९ साली उभारलेले सिनेगॉग आहे, पारशांची अग्यारी आहे, आणि तेथून काही मिनिटे चालत गेले की मासुंदा तलावाच्या काठी सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च लागते. तलावपाळीवर संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांना एवढ्याशा जागेत इतक्या धर्मांची प्रार्थनास्थळे पाहून क्वचितच नवल वाटत असेल. ठाणे हे पूर्वापार बंदर आहे, आणि बंदरात मालाबरोबर माणसे व माणसांबरोबर त्यांचे देव उतरतात. मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या अखेरीस या बंदराचे वर्णन करताना येथून निघणारे कातडे, सुती कापड आणि ऊद व येथे उतरणारे घोडे यांचा उल्लेख केला आहे. १३२१ साली या बंदरावर एक जहाज लागले. त्यातून उतरलेल्यांपैकी चौघे फ्रान्सिस्कन साधू होते. त्यांना ठाण्याला यायचेच नव्हते. चौघांतील ज्येष्ठ होते टॉलेंटिनोचे थॉमस.

थॉमस यांचा जन्म तेराव्या शतकाच्या मध्यानंतर इटलीतील मार्के प्रांतात, टॉलेंटिनो या गावी झाला. तरुण वयातच ते असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या संघात दाखल झाले. फ्रान्सिस यांना जाऊन तेव्हा जेमतेम अर्धे शतक होत होते, आणि त्यांच्या पाठीराख्यांत दारिद्र्याच्या व्रतावरून मोठा वाद पेटला होता. आपल्याजवळ काहीही असू नये, संघाच्या नावावरही काही असू नये, हा फ्रान्सिस यांचा आग्रह. संघ वाढला, मठ उभे राहिले, देणग्या येऊ लागल्या. व्यवहार पाहणाऱ्यांना हा आग्रह अडचणीचा वाटू लागला. १२७४ साली ल्यों येथे धर्मसभा भरली. संन्यासी संघांना मालमत्ता बाळगण्यास ती भाग पाडणार, अशी वार्ता मार्केमध्ये पसरली. वार्ता खोटी होती, पण तिच्यावरून उठलेले वादळ खरे होते. असा हुकूम आलाच तर तो आम्ही मानणार नाही, असे म्हणणाऱ्या मोजक्या तरुणांत थॉमस होते आणि पुढे या पंथाचा इतिहास लिहिणारे अँजेलो क्लारेनोही होते.

त्यांना जन्मठेप झाली. पायांत बेड्या पडल्या, पुस्तके काढून घेण्यात आली, आणि ख्रिस्ती माणसाला मरतेवेळीही न नाकारले जाणारे संस्कार त्यांना नाकारले गेले. त्यांना दिलेली शिक्षा मठामठांतून वाचून दाखवली जाई, म्हणजे इतरांना दहशत बसावी. ही कोठडी परक्यांची नव्हती. जो झगा थॉमस यांच्या अंगावर होता तोच झगा कुलूप लावणाऱ्याच्याही अंगावर होता. थॉमस यांच्या चरित्रात पुढे आग आहे, तलवार आहे, चमत्कार आहेत. जुन्या चरित्रकारांनी त्यावरच भर दिला आहे. पण त्यांच्या मनाची खरी घडण झाली असेल तर ती या अंधारकोठडीतील वर्षांत. शत्रूने कोंडले तर माणूस शत्रूविरुद्ध उभा राहतो. आपल्याच लोकांनी, आपल्याच देवाच्या नावाने कोंडले तर कोणाविरुद्ध उभे राहायचे? अशा वेळी बरीच माणसे कडवट होतात किंवा श्रद्धाच सोडून देतात. थॉमस यांनी दोन्ही केले नाही. सुटका होईल असे मानण्यास काही आधार नव्हता, आणि तरीही त्यांनी आपले म्हणणे मागे घेतले नाही, संघही सोडला नाही.

सुटका झाली ती अनपेक्षितपणे. १२८९ साली रेमंड गोडफ्रुआ संघाचे सर्वाधिकारी निवडले गेले. या कैद्यांचा अपराध विचारला असता दारिद्र्याच्या अतिरिक्त आग्रहापलीकडे काही निघेना, तेव्हा त्यांनी बेड्या काढायला लावल्या. मात्र मार्केमध्ये त्यांना ठेवणे शहाणपणाचे नव्हते. त्याच सुमारास आर्मेनियाचा राजा दुसरा हेथुम फ्रान्सिस्कन साधूंची मागणी करीत होता. सर्वाधिकाऱ्यांनी थॉमस आणि त्यांच्या सोबत्यांना तिकडे धाडले. घरच्यांना नको असलेली माणसे दूरच्या कामगिरीवर पाठवण्याची ही रीत सर्वच संस्थांना परिचयाची आहे.

हे आर्मेनियाचे राज्य म्हणजे भूमध्य समुद्राच्या ईशान्य कोपऱ्यातील किलिकिया. शेजारीच कप्पदुकिया. नव्या करारातील पेत्राचे पहिले पत्र ज्या विखुरलेल्या मंडळींना लिहिलेले आहे त्यांत कप्पदुकियाचे ख्रिस्ती लोक येतात. छळाच्या छायेत राहणाऱ्या त्या लोकांना पत्र सांगते ते धीराच्या शब्दांपेक्षा काहीसे कठोर आहे. आशा ही आपोआप टिकणारी भावना नव्हे. तिच्यासाठी मनाची आधीच तयारी करावी लागते. लांब झगा आवरून कमरेशी खोचून वाटेला लागणाऱ्या प्रवाशाचे रूपक तेथे आहे. शेतात उतरताना पदर खोचणाऱ्या किंवा धोतराचा काचा मारणाऱ्या आपल्या माणसांना ते समजावून सांगावे लागत नाही. थॉमस यांचे पुढील तीस वर्षांचे आयुष्य या रूपकाचा जवळजवळ शब्दशः अर्थ लावणारे आहे. ते सतत वाटेवर होते.

आर्मेनियात स्वस्थता नव्हती. १२९१ साली अक्का शहर इजिप्तच्या मामलुक फौजांच्या हाती पडले आणि पूर्वेकडील लॅटिन ख्रिस्ती सत्ता संपली. आता पाळी आर्मेनियाची होती. राजाने थॉमस यांना मदत मागण्यासाठी पश्चिमेकडे पाठवले. रोममध्ये पोप चौथे निकोलस होते, तेही फ्रान्सिस्कनच. फ्रान्सच्या आणि इंग्लंडच्या राजांकडेही दाद मागण्यात आली. ज्याला काही वर्षांपूर्वी पुस्तक बाळगण्याची मुभा नव्हती तो आता राजदरबारांत दुसऱ्या राजाची बाजू मांडत होता. राजांनी सहानुभूती दाखवली; सैन्य आले नाही. थॉमस परत पूर्वेला गेले.

यानंतरची त्यांची महत्त्वाची कामगिरी १३०७ सालची. जॉन ऑफ माँतेकोर्व्हिनो हे फ्रान्सिस्कन साधू १२८९ साली निघून, मद्रासजवळच्या मैलापूर परिसरात वर्षभर राहून, पुढे चीनमध्ये मंगोल सम्राटांच्या राजधानीत, म्हणजे खानबालिक ऊर्फ आजच्या बीजिंगमध्ये पोहोचले होते. तेथे अकरा वर्षे ते एकटे होते. आपल्या संघाची, पोपची, युरोपची काही खबर नाही, पापनिवेदन ऐकायला दुसरा धर्मगुरू नाही, अशा अवस्थेत त्यांनी चर्च बांधले, मुलांना शिकवले आणि १३०५ व १३०६ साली पश्चिमेकडे पत्रे पाठवली. ती पत्रे थॉमस यांनी युरोपात नेली आणि पोप पाचवे क्लेमेंट यांच्यासमोर व कार्डिनलांपुढे त्या कामाची हकिगत मांडली. परिणाम तत्काळ झाला. माँतेकोर्व्हिनो यांना खानबालिकचे आर्चबिशप नेमण्यात आले आणि त्यांच्या मदतीसाठी सात बिशप रवाना करण्यात आले. त्यांतले बरेचसे वाटेतच गळाले. निरोप्याच्या मनात मात्र आता चीनने घर केले.

निघायला आणखी बारा-तेरा वर्षे गेली. १३२० च्या सुमारास थॉमस निघाले तेव्हा त्यांनी साठीच्या आसपासचे वय गाठले होते. सोबत पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर, आणि तिफ्लिसचे डिमिट्रियस हे पूर्वेकडील भाषा जाणणारे बंधू. जॉर्डन कॅटलानी हे डॉमिनिकन संघाचे फ्रेंच धर्मगुरूही बरोबर होते. होर्मुझहून त्यांनी जहाज पकडले ते केरळातील कोल्लमला जाण्यासाठी. तेथून पुढे चीन. जहाजाने त्यांना ठाण्याला आणून सोडले.

ठाणे तेव्हा नुकतेच हात बदललेले शहर होते. शिलाहारांचे श्रीस्थानक पुढे देवगिरीच्या यादवांकडे गेले. १३१८ च्या सुमारास दिल्लीच्या खिलजींनी यादवांचे राज्य पुरते बुडवले. १३२० साली खिलजी गेले आणि घियासुद्दीन तुघलक तख्तावर आले. दोन-तीन वर्षांच्या अशा उलथापालथीत दूरच्या बंदरातील अंमलदाराचे आसन किती स्थिर असणार? शहरात सीरियन परंपरेच्या नेस्टोरियन ख्रिश्चनांची काही घरे होती. त्यांपैकी एका घरी पाहुण्यांची सोय झाली. जॉर्डन यांना फारसी येत असल्याने ते तेथून सोपाऱ्यामार्गे भडोचकडील ख्रिश्चनांना भेटण्यास गेले. चौघे ठाण्यात थांबले.

पुढे जे घडले त्याचा आरंभ धर्मचर्चेतून नव्हे, घरगुती भांडणातून झाला. यजमानाने बायकोला मारले. ती काझीकडे तक्रार घेऊन गेली. साक्षीदार कोण, असे विचारताच तिने घरात उतरलेल्या चार फिरंगी साधूंची नावे सांगितली. तेथे उपस्थित असलेल्या अलेक्झांड्रियाच्या एका गृहस्थाने ही विद्वान माणसे आहेत, त्यांना बोलवावे, असे सुचवले. पीटर सामान राखायला मागे राहिले आणि तिघे काझीपुढे गेले. साक्ष बाजूलाच राहिली. येशूच्या ईश्वरत्वावर वाद सुरू झाला, आणि अखेर तो प्रश्न आला ज्याचे उत्तर टाळता येणे शक्य होते : इस्लामच्या प्रेषितांविषयी तुमचे मत काय? थॉमस यांनी मुत्सद्देगिरी केली नाही. त्यांचे उत्तर ऐकणाऱ्यांच्या श्रद्धेला जिव्हारी लागणारे होते. आजच्या वाचकाला ते अविचारी वाटू शकेल, आणि त्या वाटण्यात तथ्यही आहे. पण राजांपुढे वकिली केलेला हा माणूस शब्द मवाळ करण्याची कला जाणत नव्हता असे म्हणता येत नाही. अंधारकोठडीत जो एक शब्द मागे घेऊन सुटता आले असते तो त्यांनी तेव्हाही घेतला नव्हता.

एप्रिल महिना होता. तिघांना उघड्यावर, उन्हात कित्येक तास बांधून ठेवण्यात आले. ठाण्याच्या एप्रिलमधल्या उन्हाविषयी ठाणेकरांना अधिक सांगणे नलगे. नंतर मैदानात आग पेटवली गेली. परंपरा सांगते की जेम्स यांना दोनदा, दुसऱ्या वेळी अंगाला तेल फासून, आगीत ढकलले आणि दोन्ही वेळा ते न भाजता बाहेर आले. चमत्काराचा भाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की, शहराच्या मलिकाने त्यानंतर या तिघांना गुपचूप पाण्यापलीकडच्या वस्तीत नेऊन सोडले आणि निघून जाण्यास सांगितले. काझीचा आग्रह वाढला तेव्हा मात्र त्याच मलिकाने रात्री मारेकरी पाठवले. ९ एप्रिल १३२१ रोजी थॉमस, जेम्स आणि डिमिट्रियस यांचा शिरच्छेद झाला. पीटर घरी सापडले; त्यांना फार यातना देऊन ११ एप्रिलला ठार करण्यात आले. त्या वर्षी दुसरा दिवस झावळ्यांच्या रविवारचा होता.

ही हकिगत आपल्यापर्यंत आली आहे ती जॉर्डन यांच्या पत्रांतून आणि काही काळाने येथे आलेल्या पोर्देनोनेच्या ओडोरिक यांच्या प्रवासवर्णनातून. दोघेही ख्रिस्ती साधू, तेव्हा एकच बाजू कळते. तरीही त्यांच्या कथनात मलिक चाचरणारा, जीव वाचवू पाहणारा माणूस म्हणून उभा राहतो. ओडोरिक तर असेही सांगतात की, दिल्लीच्या सुलतानाला हे वृत्त कळताच त्याने मलिकाला बोलावून घेऊन देहान्त शासन दिले. म्हणजे हा दोन धर्मांमधला सरळ सामना नव्हता. घाबरलेला अंमलदार, हट्टी न्यायाधीश, एक मार खाल्लेली बाई आणि माघार न घेणारा म्हातारा, अशी ती गुंतागुंत होती. त्या बाईचे पुढे काय झाले याची दखल कोणत्याही साधूने घेतली नाही.

जॉर्डन यांना ही वार्ता वाटेत कळली. ते परतले आणि एका तरुण जिनोव्हाकराच्या मदतीने त्यांनी मृतदेह सोपाऱ्यास नेऊन पुरले. नंतर या किनाऱ्यावर ते एकटेच राहिले. आजारपण, मारहाण, लोकांचा संशय हे सारे त्यांच्या पत्रांत आहे. आणखी सोबती पाठवावेत ही विनवणीही आहे. माँतेकोर्व्हिनोंचा जो एकांत थॉमस यांनी पोपपुढे मांडला होता तोच आता जॉर्डन यांच्या वाट्याला आला. पुढे १३२९ साली ते कोल्लमचे बिशप नेमले गेले.

ओडोरिक यांचे ठाण्याचे वर्णन गमतीदार आहे. येथील उंदीर कुत्र्यांएवढे असतात व मांजरांना ते आवरत नाहीत, असे ते लिहितात. मासळीबाजारामागची घूस पाहिलेल्याला यात अतिशयोक्ती फारशी वाटणार नाही. या ओडोरिक यांनी चौघांच्या अस्थी उकरून वस्त्रात बांधल्या आणि चीनच्या वाटेला लागले. वाटेत ते झोपलेल्या घराला आग लागली, तेव्हा अस्थी घेऊन ते बसलेला कोपरा तेवढा वाचला, असे ते सांगतात. कोल्लमकडे जाताना वारा पडला. जहाजावरील हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती साऱ्यांनी आपापल्या देवाला आळवून झाले, आणि ओडोरिक यांनी एक अस्थी गुपचूप समुद्रात सोडल्यावर शिडे भरली. अखेर चीनमधील झैतून, म्हणजे आजच्या क्वानझू बंदरातील फ्रान्सिस्कन मठात या अस्थी ठेवण्यात आल्या. ज्या देशासाठी थॉमस निघाले होते तेथे ते असे पोहोचले. १८९४ साली पोप तेरावे लिओ यांनी त्यांना धन्यवादित म्हणून मान्यता दिली; त्यांच्या मस्तकाचा अवशेष त्यांच्या जन्मगावी, टॉलेंटिनोच्या कॅथेड्रलमध्ये जपलेला आहे.