ताराबाई मोडक

ताराबाई मोडक (जन्म : १९ एप्रिल १८९२, मुंबई, मृत्यू : ३१ ऑगस्ट १९७३) या भारतातील पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या प्रवर्तक व बालशिक्षणतज्ज्ञ होत्या. गिजुभाई बधेका यांच्यासह त्यांनी माँटेसरी पद्धतीला भारतीय रूप दिले. पुढे तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी व कोसबाड (हा भाग २०१४पासून पालघर जिल्ह्यात आहे) येथे ग्रामीण, दलित व आदिवासी बालकांसाठी त्यांनी अंगणवाडी आणि कुरणशाळा हे प्रयोग केले. घराचे अंगण, झाडांची सावली आणि गवताचे कुरण यांनाच त्यांनी शाळा मानले.

प्रारंभिक जीवन

ताराबाईंचे माहेरचे आडनाव केळकर. त्यांचे वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते, तर आईचे नाव उमाबाई होते. सुधारणावादी घरात वाढल्यामुळे ताराबाईंना उच्च शिक्षणाची संधी मिळाली आणि १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. १९१५ मध्ये त्यांचा विवाह अमरावतीचे वकील कृ. वि. मोडक यांच्याशी झाला. त्यांना प्रभा ही कन्या झाली. हे वैवाहिक जीवन दीर्घकाळ टिकले नाही. पतीपासून विभक्त झाल्यानंतर त्यांनी राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले. मुलीच्या शिक्षणाच्या विचारातून त्यांचे लक्ष भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेतील बालमंदिराकडे वळले. हे बालमंदिर गिजुभाईंनी १९२० मध्ये सुरू केले होते.

भावनगर व मुंबई

१९२३ मध्ये ताराबाई भावनगरला गिजुभाईंच्या कार्यात सहभागी झाल्या. १९२६ साली दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. बालशिक्षणाचा प्रसार आणि शिक्षकांचे प्रशिक्षण हे संघाचे मुख्य कार्य होते. संघाच्या शिक्षणपत्रिका या नियतकालिकाच्या संपादनातही ताराबाईंचा मोठा वाटा होता. मुंबईस परतल्यानंतर त्यांनी दादर येथे शिशुविहार ही संस्था उभारली.

बोर्डी येथील प्रयोग

शहरातील बालमंदिरे प्रामुख्याने सुस्थितीतील कुटुंबांच्या मुलांपर्यंत पोहोचत होती. महागडी शैक्षणिक साधने आणि स्वतंत्र इमारत खेड्याला परवडणारी नव्हती. ज्या बालकांना या शिक्षणाची सर्वाधिक गरज होती, तीच त्यापासून वंचित राहत होती. या उणिवेवर उपाय शोधण्यासाठी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू करण्यात आले. अनुताई वाघ (१९१०–१९९२) या केंद्रात त्यांच्या सहकारी झाल्या आणि अखेरपर्यंत या कार्यात राहिल्या.

केंद्रात बालवाडी होती. परंतु वस्तीतील अनेक मुले तेथपर्यंत येत नसत. धाकट्या भावंडांना सांभाळणे, गरिबी आणि अस्पृश्यतेची झळ ही त्यामागची कारणे होती. तेव्हा मुले शाळेत येत नसतील तर शाळेने मुलांकडे जावे, या विचारातून शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या आणि मुलांच्या घरासमोरील अंगणातच वर्ग भरू लागला. हीच अंगणवाडी होय. मुलांची स्वच्छता, आरोग्य आणि मातांशी संवाद ही तिची आवश्यक अंगे होती.

निसर्ग हेच साधन

फ्रीड्रिख फ्रबेल यांनी १८४० मध्ये आपल्या बालशाळेला जर्मन भाषेत बालकांची बाग या अर्थाचे नाव दिले होते. मारिया माँटेसरी यांनीही रोपांची व प्राण्यांची निगा राखण्यास शिक्षणात स्थान दिले होते. ताराबाईंच्या कार्यात हा विचार कोकणच्या उत्तर किनाऱ्यावरील परिस्थितीत रुजला. मराठीत वाडी म्हणजे वस्ती आणि वाडी म्हणजे फळझाडांची बागही. चिकूच्या वाड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या परिसरात बालवाडी व अंगणवाडी या शब्दांचे दोन्ही अर्थ सार्थ ठरतात.

विकतच्या साधनांऐवजी पाने, फुले, बिया, खडे, शंख-शिंपले आणि काड्या यांचा वापर करण्यात आला. पानांच्या आकारांवरून आकारभेद, फुलांवरून रंग, बियांवरून मोजणी आणि खड्यांवरून जड-हलके यांची ओळख होई. माँटेसरी पद्धतीतील इंद्रियशिक्षणाचे तत्त्व कायम राहिले, मात्र त्याची साधने भोवतालच्या निसर्गातून आली. वेचणे, निवडणे, मांडणे व रचना करणे हे मुलांच्या दृष्टीने खेळच होते. बी पेरणे आणि रोपाला पाणी घालणे यांतून निरीक्षण व जबाबदारी यांचा परिचय होतो, तर रोप उगवेपर्यंत वाट पाहताना धीर अंगी येतो. अशा कामात मोठ्यांनी मुलांची जागा न घेता त्यांना स्वतः करू द्यावे, हे या पद्धतीचे मुख्य सूत्र होते.

कोसबाड व कुरणशाळा

१९५७ च्या सुमारास संस्थेचे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर हलविण्यात आले. येथील बहुसंख्य मुले वारली व अन्य आदिवासी समाजांतील होती. गुरे राखणे हे त्यांचे रोजचे काम असल्याने नेहमीच्या वेळेत शाळेत बसणे त्यांना शक्य नव्हते. ते काम बंद पाडल्यास कुटुंबाचे नुकसान झाले असते. म्हणून शिक्षकच चराऊ रानात जाऊ लागले. गुरे चरत असताना मुलांना शिकविण्याच्या या उपक्रमास कुरणशाळा हे नाव मिळाले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडीची योजनाही कोसबाड येथेच आकारास आली. त्यामुळे धाकट्या भावंडाला सांभाळणाऱ्या मुलीलाही त्याला पाळणाघरात ठेवून शिकणे शक्य झाले.

लेखन व सन्मान

ताराबाईंनी मराठी व गुजराती भाषांत विपुल लेखन केले. बालकांचा हट्ट, बिचारी बालके आणि नदीची गोष्ट ही त्यांची काही पुस्तके. त्या मुंबई प्रांताच्या विधिमंडळाच्या सदस्य होत्या. १९६२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण पुरस्काराने गौरविले.

वारसा

ताराबाईंच्या निधनानंतर अनुताई वाघ यांनी कोसबाडचे कार्य पुढे नेले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांसाठी अंगणवाडी हेच नाव देशभर रूढ झाले. पोषण, आरोग्य व पूर्वप्राथमिक शिक्षण या केंद्रांमधून एकत्र दिले जाते. ताराबाईंच्या जीवनावर रत्नाकर मतकरी यांनी घर तिघांचं हवं हे नाटक लिहिले आहे.